इन्व्हर्टर, जनरेटर की सोलार: मराठवाड्यातल्या घराला काय पुरतं?

मागच्या मे महिन्यात अवकाळीत आमच्या गावची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली. नवी यायला तीन दिवस लागले. घरात आईला ऑक्सिजनचं मशीन, म्हणजे कॉन्सन्ट्रेटर लावलेला. लाईट रात्री आठला गेली आणि साडेअकराला इन्व्हर्टर टीं टीं करायला लागला. शेवटी मंडपवाल्याला झोपेतून उठवून त्याचा जनरेटर छोट्या हत्तीत घालून आणला. त्या रात्रीनंतर मी हा सगळा हिशोब मांडला. तुमच्या घरात असाच विचार चालू असेल, तर उपयोगी पडेल.

दुकानात जाण्याआधी महिनाभर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाईट गेल्या-आल्याची वेळ लिहा. आणि लाईट नसताना काय चाललंच पाहिजे, ते ठरवा. पंखे-दिवे, की बोअरची मोटर? सगळा निर्णय या दोन उत्तरांवर आहे.

इन्व्हर्टर बहुतेक घरांना पुरतो. १२ व्होल्ट, १५० एएच म्हणजे अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १८०० वॉट-तास असतात, हाती येतात बाराशे ते चौदाशे. तीन पंखे, चार एलईडी आणि वायफाय मिळून ३०० वॉट धरले तर चार तास निघतात. आईचं ५ लिटरचं मशीन एकटंच ३५० वॉट खातं, म्हणून साडेतीन तासांत आमचा खेळ आटोपला. साधे पंखे काढून कमी वीज खाणाऱ्या मोटरीचे, म्हणजे बीएलडीसी पंखे बसवले तर पंख्याचा भार निम्म्याहून कमी होतो. दुसरी बॅटरी घेण्याआधी हे करा. इन्व्हर्टर घेताना साइन वेव्हचाच, म्हणजे लाइनच्या विजेसारखाच करंट देणारा घ्या. आणि बॅटरी जिन्याखालच्या कोंदट कपाटात ठेवू नका. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२-४३ ला असतो.

पण बोअरची मोटर अशा इन्व्हर्टरवर चालत नाही. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात हीच खरी अडचण. मोटर सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते, त्यामुळे दीड एचपीच्या सिंगल फेज मोटरीला किमान ५ केव्हीएचा जनरेटर धरा. सायलेंट डिझेल जनरेटर लाखाच्या पुढे जातो. एका बॅटरीचा इन्व्हर्टर वीस-पंचवीस हजारांत बसतो. जनरेटर चालवायचा खर्च तर किमतीहून बोचतो. लोड बरा असेल तर १ लिटर डिझेलमधून साधारण ३ युनिट निघतात. लिटर ९० रुपये धरलं तरी युनिट ३० रुपयांना पडलं. नुसत्या दोन पंख्यांसाठी चालवाल तर त्याहून महाग, शिवाय कमी लोडवर इंजिनात काजळी धरते ती वेगळीच.

जनरेटर घेणार असाल तर दोन गोष्टींत तडजोड करू नका. पहिली म्हणजे जागा. आमच्याकडे जुन्या वाड्यांत तो ढाळजेत, म्हणजे दाराच्या आतल्या ओसरीत ठेवायची सवय आहे, पाऊस लागत नाही म्हणून. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. जनरेटर उघड्यावर, पत्र्याच्या शेडखाली आणि खिडक्यांपासून लांबच हवा. दुसरी गोष्ट चेंजओव्हर स्विचची, म्हणजे घराला एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांतलं एकच जोडणाऱ्या स्विचची. तो न लावता जनरेटरची वायर थेट बोर्डात खुपसली, तर करंट उलटा डीपीत जातो आणि तिथून ११,००० व्होल्ट होऊन तारेत. खांबावर लाइनमन चढलेला असतो. त्याच्याही घरी लेकरं आहेत. लायसन्स असलेल्या वायरमनकडून चेंजओव्हर आणि स्वतंत्र अर्थिंग करून घ्याच.

सोलारबद्दल मोठा गैरसमज आहे. छतावरचा साधा ऑन-ग्रिड, म्हणजे लाइनला जोडलेला सोलार लाईट गेली की भर उन्हातही बंद पडतो, लाइनमनच्या जिवासाठीच तसा बनवलेला असतो. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे, बिल कमी करायला जरूर बसवा. पण लाईट गेल्यावरही तो चालायला हवा असेल तर बॅटरीसह हायब्रिड लागतो.

माझं मत विचाराल तर, लाईट दोन-तीन तासच जात असेल आणि पाण्याची दुसरी सोय असेल तर जनरेटरच्या नादी लागू नका. बोअरशिवाय पाणी नाही, किंवा घरात मशीनवरचा पेशंट आहे, तर इन्व्हर्टर आणि जनरेटर दोन्ही घ्या. जनरेटर सुरू होईपर्यंत मशीन बंद पडू नये म्हणून मध्ये इन्व्हर्टर लागतोच. पेशंट असेल तर ऑक्सिजनचा एक भरलेला सिलिंडरही भिंतीला टेकवून, साखळीने बांधून ठेवा.

आमच्या घरी आता दोन बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर आणि गोठ्यामागच्या शेडात ५ केव्हीएचा जनरेटर आहे. पडून राहिला की त्याची सेल्फची बॅटरी उतरते, म्हणून दर शनिवारी पंधरा मिनिटं तो बोअरच्या मोटरीवर चालवतो. तेवढ्यात वरची टाकीही बरीच भरते.