आंदेर ते युफ: पिवळी पोस्टबस आणि शेजारच्या सीटवर आई

सेवा: स्वित्झर्लंडची पोस्टबस, आंदेर ते युफ. पाचपैकी पाच.

मी झुरिचला नोकरी करते. माझी आई कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी असते, दोन म्हशी आणि थोडा ऊस सांभाळते. दोन वर्षांपूर्वी ती एका टूर कंपनीबरोबर इकडे येऊन गेली होती. बर्फाची शिखरं पाहिली, पण ‘आल्प्समधलं खेडं’ म्हणून त्या लोकांनी तिला दुकानांच्या रस्त्यावर वीस मिनिटं उतरवलं. रात्री फोनवर म्हणाली, “डोंगर बघितलं गं, पण त्यात माणसं राहतात कशी ते काय कळलं नाही.” ते वाक्य माझ्या मनातून जाईना. म्हणून गेल्या जुलैत ती पुन्हा आली तेव्हा मी तिला थेट युफला नेलं.

युफ म्हणजे आपल्या भाषेत वाडीच. ग्राउब्युंडन राज्यात, आव्हर्स खोऱ्याच्या अगदी टोकाला, २१२६ मीटर उंचीवर. वस्ती जेमतेम तीसेक माणसांची. बाराही महिने माणसं राहतात अशी युरोपातली सगळ्यात उंच वस्ती म्हणून तिचं नाव घेतात. कळसूबाईची उंची १६४६ मीटर. त्याच्याही जवळजवळ पाचशे मीटर वर ही माणसं गुरं पाळतात.

झुरिचहून कूरला रेल्वेने सव्वा तास, पुढे थुसिस, मग आंदेर. आंदेरला उभी असते ती पिवळी बस. अर्ध्या तिकिटाचं हाफ-फेअर कार्ड चालतं, वेगळं काही काढावं लागत नाही. आईचा गुडघा दुखरा आहे. ती चढून नीट बसेपर्यंत ड्रायव्हरने गाडी हलवली नाही, आरशातून बघत थांबला. मागच्यांपैकी कोणी कुरकुर केली नाही. पहिला स्टार मी तिथेच दिला.

पुढचा तासभराचा रस्ता म्हणजे भूगोलाचा तासच. सुरुवातीला रोफलाची घळ, दोन्ही बाजूंना कडे. मग फेरेरा गाव, नावातच लोखंड आहे (लॅटिनमध्ये फेरुम म्हणजे लोखंड), कारण इथे पूर्वी खाणी होत्या. आणखी वर लेईच्या खोऱ्याचा फाटा लागतो. तिथल्या धरणाचं पाणी साठतं इटलीत, पण भिंत स्वित्झर्लंडच्या हद्दीत, कारण ती बांधताना दोन्ही देशांनी जमिनीची अदलाबदल केली. हे ऐकून आईने एकच विचारलं, “मग पाणी कुणाच्या शेताला?” शेताला नाही, विजेला, म्हटलं.

वळणं जबरदस्त आहेत. पोटात ढवळत असेल तर पुढच्या सीटवर बसा आणि निघण्याआधी हलकं खा. ऐन वळणावर ड्रायव्हर तीन सुरांचा हॉर्न देतो आणि समोरची गाडी मुकाट मागे सरकते. इथे पोस्टाच्या गाडीचा मान मोठा. पहिली मोटारबस १९०६ साली बर्नजवळ धावली. आव्हर्समध्ये तर गाडी जाईल असा रस्ताच १८९०च्या दशकात झाला. त्याआधी खालच्या घळीतून जाणं इतकं अवघड होतं, की इथली माणसं बाजाराला उलट्या दिशेने, वरच्या खिंडी ओलांडून जायची. श्टालरबेर्ग खिंडीवरून बिव्हिओ गावाला, नाहीतर दक्षिणेला उतरून इटलीतल्या कियाव्हेनाला. नकाशावर आज जे खोऱ्याचं शेवटचं टोक दिसतं, ते त्यांच्यासाठी पुढचं दार होतं.

क्रेस्टा गावाच्या आसपास झाडं संपत येतात. १९५९ मीटरवरचं तिथलं पांढरं चर्च घरांपासून जरा खाली, एकटंच उभं आहे. त्यानंतर नुसतं गवत. आई खिडकीला नाक लावून बसली होती. अचानक माझ्याकडे वळून म्हणाली, “अगं, झाड नाही एक. मग हे जळण कुठनं आणतात?”

माझ्या ऑफिसातल्या चार जणांना मी युफचे फोटो दाखवले होते. हा प्रश्न एकालाही पडला नव्हता.

उत्तर युफला उतरल्यावर मिळालं. लाकडी घरं, त्यांच्या खालीवर उतारावरची कुरणं, आणि गवत कापणीचे दिवस. एक साठीची बाई लाकडी दाताळ्याने गवत ओढत होती. आई सरळ तिच्या बांधाशी जाऊन उभी राहिली. मी जर्मनमध्ये विचारलं आणि बाईंनी दाताळं टेकवून ठेवलं. म्हणाल्या, पूर्वी मेंढ्यांच्या लेंड्या जाळायचे. हिवाळाभर मेंढ्या गोठ्यात कोंडलेल्या, त्यांच्या पायांखाली लेंड्या तुडवून तुडवून घट्ट थर बसायचा. उन्हाळ्याच्या तोंडावर तो फावड्याने चौकोनी लाद्यांसारखा कापायचा, घराच्या भिंतीशी वळचणीला रचायचा आणि वाळला की चुलीत. मी मराठीत सांगत होते, पण आईचं अर्धं लक्ष त्यांच्या हातांकडे होतं. मग तिने स्वतःचे हात पुढे केले, हवेत गोळा केला, दोन्ही तळव्यांनी थापून दाखवला, बोटं उमटवली आणि एकावर एक रचलेला शेणींचा हुडवा दाखवला. बाईंना माझ्या भाषांतराची गरज पडली नाही. त्यांनी आईच्या तळव्यावर आपला तळवा ठेवून बघितला.

मग दोघींचा हिशोब सुरू झाला. इथे धान्य पिकत नाही, पिकतं फक्त गवत, आणि कापणी वर्षातून एकदाच. गुरं सात-साडेसात महिने गोठ्यात. एका गाईला दिवसाला पंधरा किलो वाळलं गवत धरलं तर हिवाळ्याला तीन टनांच्या वर लागतं. आईने बोटांवर मोजून सांगितलं, बाईंनी मान डोलावली. कापणीच्या त्या तीन-चार आठवड्यांत पाऊस लागला तर काय, हे दोघींनी एकमेकींना सांगायची गरज नव्हती.

ही माणसं मूळची इथली नाहीत. पश्चिमेकडच्या वालिस प्रांतातून मध्ययुगात निघालेले हे वाल्सर लोक, जर्मन बोलणारे. आव्हर्समधला त्यांचा उल्लेख १२९२ सालापासून सापडतो. खालची सुपीक जमीन आधीच इतरांकडे होती, म्हणून यांच्या वाट्याला माथ्यावरची आली. पण वाल्सरांना बहुतेक ठिकाणी जमीन वंशपरंपरेने कसायचा हक्क मिळत असे आणि माणूस स्वतंत्र राही. १३६७ साली इथल्या खोऱ्यांनी एकत्र येऊन देवगृह संघ (गोटेसहाउसबुंड) केला, त्यात आव्हर्सही होतं. पुढे हा आणि असेच आणखी दोन, अशा ग्राउब्युंडनच्या तीन संघांनी १५१२ ते १७९७ पर्यंत इटलीकडच्या वाल्तेलिना खोऱ्यावर राज्य केलं. तिथे अधिकारी म्हणून जाणाऱ्याला पोदेस्ता म्हणत. युफच्या थोडं अलीकडे रस्त्यालगत पोदेस्ताचं घर आहे, १६६४ सालचं, दगडी, भारदस्त. बसमधूनही दिसतं, पण उतरून बघा. त्याच साली महाराजांनी सुरत लुटली, हे सांगितल्यावर आईने त्या भिंतीला हात लावला.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. बस दिवसातून मोजक्याच आहेत, परतीची वेळ पोचल्या पोचल्या बघून ठेवा. जुलैतही स्वेटर हवाच. जेवण आम्ही घरून नेलं होतं, धपाटे आणि दह्यातली चटणी, आणि ते बाकावर बसून खाल्लं. उभ्या गवतात मात्र शिरू नका. ते कुणाच्या तरी गाईचं हिवाळ्याचं जेवण आहे.

परतीला तोच ड्रायव्हर होता. आईने मला विचारायला लावलं, हिवाळ्यात गाडी येते का. “येते की,” तो म्हणाला, “आधी बर्फ काढणारं मशीन जातं, मागून मी.” आईने मान हलवली, पर्समधून रुमालात गुंडाळलेला एक धपाटा काढला आणि त्याच्या हातात दिला. त्याने तो घड्याळाखालच्या कप्प्यात जपून ठेवला, आंदेरला पोचल्यावर खाईन म्हणाला. क्रेस्टाच्या थांब्यावर आमच्याच गाडीत दाताळ्याचा नवा लाकडी दांडा घेऊन एक म्हातारबाबा चढले. आईने त्यांना खिडकीची जागा दिली.