"मांजरांसोबतच वाढलाय ताई" असं सांगून विकलेला कुत्रा

मोठं रखवालीचं कुत्रं घ्यायचा विचार असेल आणि घरात आधीच मांजर, ससा, कोंबड्या काही असेल तर प्लीज हे पूर्ण वाचा.

आमचं घर साताऱ्याजवळ, गावाबाहेर, मागे सगळा ऊस. दिवाळीनंतर आजूबाजूच्या दोन विहिरींवरच्या मोटारी चोरीला गेल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या आता एक दांडगं कुत्रं आणाच. मोती आहे आमचा पण तो 12 वर्षांचा, ऐकू कमी येतं त्याला. आणि दोन मांजरं, चिंगी आणि तिचा बोका. रॉटवायलर नको वाटला, 2024 च्या मार्चमध्ये केंद्राने ज्या 23 जातींवर बंदी घाला म्हणून राज्यांना पत्र पाठवलं होतं त्यात तो होता, कर्नाटक हायकोर्टाने ते पत्र रद्द केलं नंतर, पण कशाला कटकट. मग जर्मन शेफर्ड ठरला.

ऑनलाइन जाहिरात दिसली, दीड वर्षाचा नर, ट्रेन्ड, केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडिया) जातीचे पेपर, 35 हजार. मी फोन लावला आणि पहिली चूक तिथेच केली, त्याने काही सांगायच्या आधी मीच बोलून गेले की घरी मांजरं आहेत, चालेल ना. तो लगेच म्हणाला, "अहो ताई, तो मांजरांसोबतच वाढलाय." दहा मिनिटांत व्हिडिओ आला, पिवळ्या सतरंजीवर शेफर्ड झोपलाय आणि त्याच्या पोटाशी पांढरं मांजर. आमच्याकडे धनगरांची कुत्री पिल्लापासून मेंढरात वाढतात, कोकराला तोंड लावत नाहीत, हे मी लहानपणापासून बघत आलीये, त्यामुळे "सोबत वाढलाय" म्हटल्यावर माझा लगेच विश्वास बसला. 10 हजार टोकन पाठवलं. मी येऊन बघते म्हटलं तर आज लग्नाला चाललोय, उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय, मीच घरपोच आणून देतो.

रात्री साडेदहाला गाडी आली. कुत्रा इतका शांत की मला कौतुकच वाटलं. चिंगी दारात येऊन फुगली तरी त्याने मान वर केली नाही. तो म्हणाला प्रवासात उलटी होऊ नये म्हणून गोळी दिलीये, सकाळपर्यंत सुस्त राहील. उरलेले पैसे घेऊन पाच मिनिटांत गेलापण.

खरं तर नवीन कुत्रं आणल्यावर मांजरांना वेगळ्या खोलीत ठेवायचं, दोघांना एकमेकांच्या अंथरुणाचा वास द्यायचा, मग जाळीआडून आणि पट्टा धरून भेट, याला आठवडे लागतात, हे मला माहीत होतं. पण "सवय आहे" म्हटल्यावर मी ते केलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गोळी पूर्ण उतरली. चिंगी ओट्यावरून उतरली आणि त्याने साखळीसकट खुंटी उपटली. नवऱ्याने सोडवली तेव्हा वरून फक्त दोन बारीक भोकं दिसत होती, आम्हाला वाटलं वाचली. डॉक्टरांनी सांगितलं की कुत्र्याच्या चाव्यात बाहेर थोडं दिसतं आणि आत सगळं चिरडलेलं असतं. तिसऱ्या रात्री ती गेली. माझ्या मांडीवर गेली.

त्याच डॉक्टरांना मी कुत्रापण दाखवला. पेपरवर 15 आकडी मायक्रोचिपचा (ओळखीसाठी कातडीखाली बसवतात ती) नंबर होता, त्यांनी मानेपासून शेपटीपर्यंत स्कॅनर फिरवला, काहीच वाजलं नाही, चिपच नव्हती. पुढचे दात झिजलेले, म्हणाले पाच वर्षांच्या खाली नाही हा. गळ्याभोवती केस उडून साखळीचा जुना वळ. म्हणजे वर्षानुवर्षं बांधून ठेवलेलं जनावर, मांजर जवळून बघितलं तरी होतं की नाही कोण जाणे. व्हिडिओ नीट बघितला तर त्यातल्या कुत्र्याचं तोंड जास्त काळं होतं, हा तो नव्हताच.

विकणाऱ्याचा फोन तेव्हापासून बंद. सायबर फसवणुकीच्या 1930 वर आणि ग्राहक हेल्पलाइन 1915 वर दोन्हीकडे तक्रार केलीये.

कुत्र्यावर माझा राग नाही, त्याला कोणी काही शिकवलंच नाही. तो आता माझ्या मावसभावाच्या मळ्यात आहे, तिथे दुसरं एकही जनावर नाही आणि जे झालं ते सगळं त्याला सांगूनच दिलाय.

तुम्ही घेणार असाल तर मांजरं आहेत हे आधी सांगूच नका, कुत्रा कोणाकोणासोबत राहिलाय ते विकणाऱ्यालाच बोलू द्या. दिवसाउजेडी त्याच्या जागेवर जा, गोळी न दिलेला कुत्रा पट्ट्यावर धरून मांजरासमोर कसा वागतो ते स्वतः बघा, नजर रोखून ताठ उभा राहिला आणि हाक मारूनही वळला नाही तर तिथूनच परत या. चिप डॉक्टरकडे स्कॅन झाल्याशिवाय एक रुपया देऊ नका. पिल्लू घेणार असाल तर 8 आठवड्यांच्या आतलं विकणं कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या 2017 च्या नियमांनुसार चालत नाही, ब्रीडरकडे राज्याच्या प्राणी कल्याण बोर्डाची नोंदणी पाहिजे, ती मागा.

परवा तोच व्हिडिओ परत दिसला. नाव वेगळं, नंबर वेगळा, किंमत 38 हजार. पिवळी सतरंजी, पांढरं मांजर, मागे निळं पिंप. दिसला तर पैसे पाठवू नका.