रोडगे, सफारी की चिखलदरा? मुद्रकांच्या संघटनेने यंदा सहल कुठे काढावी

आमसभेत वर्षाचा हिशेब पाच मिनिटांत मंजूर होतो, पण सहलीचा विषय निघाला की तासभर कोणी जागचं हलत नाही. नागपुरातल्या छापखानेवाल्यांपुढे फिरून फिरून तेच पर्याय येतात: कळमेश्वर-काटोलकडच्या शेतात दिवसभराची रोडगे (निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे) पार्टी, पेंच किंवा ताडोब्याला सफारीसाठी एक मुक्काम, नाहीतर चिखलदरा-पचमढीला दोन रात्री. यंदा सहलीचं काम ज्यांच्या गळ्यात पडलंय, त्यांच्यासाठी हा लेख.

माझं मत आधीच सांगून टाकतो. वाघ बघायला ज्याला जायचं तो आपल्या घरच्यांना घेऊन कधीही जाऊ शकतो. संघटनेच्या सहलीला किती सभासद येऊ शकतात आणि आल्यावर किती वेळ एकत्र बसतात, यावर ती जोखायची. ठिकाण त्यानंतर.

पहिली अडचण तारखेची. तुळशीचं लग्न लागलं की पत्रिकांची रीघ सुरू होते, त्यातच कॅलेंडरं आणि डायऱ्या. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तर मालकच मशीनवर उभा असतो. पुढे उन्हाळ्यातली लग्नं, मग शाळांचं काम. हात मोकळे होतात ते आषाढ-श्रावणात, आणि नंतर पितृपक्षात. नेमकं तेव्हाच जंगल बंद! व्याघ्र प्रकल्पांचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटकांसाठी बंद असतो. ताडोब्याच्या बफरमधली, म्हणजे गाभ्याभोवतीच्या जंगलातली, काही गेटं पावसाळ्यातही सुरू असतात, पण गवत माणसाएवढं वाढलेलं आणि रस्त्यात चिखल. त्यासाठी चाळीस जणांची वर्गणी गोळा करावी असं मला तरी वाटत नाही.

म्हणजे सफारी काढायची तर हिवाळ्यात, आणि हिवाळ्यात सुट्टी मिळायची मारामार. त्यात बुकिंग आधीपासून करावं लागतं, प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्र देऊन. आपल्या मंडळींचा स्वभाव ठाऊकच आहे. शुक्रवारी रात्री फोन येतो, "भाऊ, अर्जंट जॉब आला, मी नाही येत, माझ्या जागी साळ्याला घेऊन जा." गेटवर हे चालत नाही, ज्याच्या नावाची जागा त्यालाच आत सोडतात. ताडोब्याचा गाभा मंगळवारी बंद असतो, हेही तारीख धरताना बघून घ्या.

चिखलदरा याच्या उलट. पावसाळाच त्याचा मोसम. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंची, धुकं, भीमकुंडाचा धबधबा, गाविलगड, विदर्भात कॉफीचे मळे बघायचे तर हेच ठिकाण. रस्ता अमरावती-परतवाड्यावरून, सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, शेवटचा टप्पा घाटाचा. पण पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी सगळा विदर्भ तिथेच लोटतो. गाड्यांची रांग लागते, आणि देवी पॉइंटवर पोचावं तर समोर नुसतं पांढरं. शक्य असेल तर सोमवार-मंगळवार धरा. श्रावणात तेवढी दुकानं बंद ठेवणं परवडतं.

पचमढी जास्त देखणी, यात वाद नाही. धूपगड हे सातपुड्याचं सर्वांत उंच शिखर, १,३५० मीटर. मात्र छिंदवाडा-तामियाच्या घाटातून सहा-सात तास बसायचं, बसकडे मध्य प्रदेशात चालणारं परमिट असावं लागतं, आणि वर पोचल्यावर बरेच पॉइंट बस सोडून तिथल्या जिप्सीतून (उघड्या जीपमधून) बघावे लागतात. नागपंचमीच्या आधीचे आठ-दहा दिवस नागद्वारच्या यात्रेला आपल्याच विदर्भातून एवढी गर्दी जाते की खोली मिळणं मुश्किल. तो आठवडा सोडाच.

आता एकत्र बसण्याचं. सफारीत एका जिप्सीत सहा जण, शिवाय गाइड आणि ड्रायव्हर. चाळीस माणसांना सात जिप्सी. पहाटे अंधारात सात दिशांना सात गाड्या. त्यातल्या एकीला वाघ दिसतो आणि मग रात्रीच्या जेवणापर्यंत त्या सहा जणांचे फोटो बाकीच्या चौतीस जणांनी बघायचे. चिखलदऱ्याला जाता-येता बसमधले दहा-बारा तास तरी सगळे बरोबर असतात. अंताक्षरी होते, पत्ते होतात. ज्यांना घाट लागतो त्यांना पुढची सीट द्या म्हणजे झालं.

रोडग्यांचं गणितच वेगळं. सकाळी नऊला गोवऱ्या रचायच्या. जाडसर दळलेल्या कणकेचे थर लावून गोळे वळायचे, आर (निखारे) पडला की त्यात पुरायचे. दोघं वांगी चिरताहेत, एक जण वरणाच्या गंजाशी, म्हातारी मंडळी बाजेवर बसून सूचना देताहेत. रोडगा भाजून निघाला की फडक्याने राख झटकायची, फोडायचा आणि आत तूप ओतायचं. भाजायला जो दीड-दोन तास वेळ लागतो, त्यात खरी संघटना चालते. कागदाचा भाव कुठे गेला, कोणाचं जुनं ऑफसेट मशीन विकायचंय, कोणतं गिऱ्हाईक पत्रिका नेऊन पैसे बुडवतं. बैठकीच्या अजेंड्यावर यातलं काहीच नसतं.

शिवाय जेवण आपोआप शाकाहारी होतं, त्यामुळे जैन सभासदही पंगतीत बसतात. सावजी मटणाशिवाय ज्यांना सहल वाटत नाही त्यांची चूल पलीकडच्या धुऱ्याला (बांधाला). मात्र हे आधी ठरवा, तिथे जाऊन भांडू नका.

दिवस पौषातला रविवार, संक्रांतीनंतरचा. कॅलेंडरं गेलेली असतात, पौषात मुहूर्त नसतात, माघातल्या पत्रिका एक दिवस थांबू शकतात. फक्त बायका-मुलांना "झाडावरची संत्री तोडायला मिळतील" असं सांगून नेऊ नका. संत्र्याचं आंबिया बहाराचं पीक डिसेंबरपर्यंत उतरतं, मृग बहाराचं फेब्रुवारीत येतं. जानेवारीत बाग रिकामीही असू शकते, म्हणून शेतमालकाला आधी फोन करा.

खर्चात रोडगे सगळ्यांत स्वस्त, सफारी सगळ्यांत महाग. यात नवीन काही नाही.

तेव्हा पन्नासच्या वर माणसं, त्यात म्हातारे आणि लेकरं असतील तर रोडगे, दुसरा विचार नको. तीस-पस्तीस जण, बहुतेक जोडपी, आणि मुक्कामाची हौस असेल तर श्रावणात चिखलदरा. सफारी दहा-बारा हौशी लोकांची वेगळी काढा, त्यांच्याच पैशाने. संघटनेच्या खात्यातून नको, नाहीतर पुढच्या आमसभेत हिशेब पाच मिनिटांत मंजूर होणार नाही.