क्रूगर की शेजारचं खासगी जंगल?

दक्षिण आफ्रिकेत जंगल बघायला जायचं ठरलं की अडतं ते इथे: क्रूगर राष्ट्रीय उद्यानात स्वतः गाडी चालवत फिरायचं, की त्याच्या पश्चिमेला लागून असलेल्या साबी सँडसारख्या खासगी राखीव जंगलात लॉजवर राहायचं? प्राणी तेच आहेत. मधलं कुंपण १९९३ साली काढलं, त्यामुळे हत्तींना आणि सिंहांना ही हद्द ठाऊकच नाही.

क्रूगर अफाट आहे, जवळपास २० हजार चौरस किलोमीटर. डांबरी रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर, कच्च्यावर ४०. ठरावीक जागा सोडल्या तर गाडीतून उतरायचं नाही, रस्ता सोडायचा नाही आणि फाटक बंद व्हायच्या आत कॅम्पवर परतायचं. सतारा, स्कुकुझा, लोअर साबी या कॅम्पांवर स्वयंपाकाची सोय असलेल्या खोल्या मिळतात, खर्च आटोक्यात राहतो. मुख्य म्हणजे वेळ आपल्या हातात असतो. एकाच पाणवठ्यावर तीन तास बसलात तरी कोणी घाई करत नाही. लहान मुलं बरोबर असतील तर मी डोळे मिटून क्रूगर सांगेन, कारण बऱ्याच खासगी लॉजवर सहा वर्षांखालच्या मुलांना सफारीच्या गाडीत घेत नाहीत. मात्र रस्त्याकाठी बिबट्या दिसला की गाड्यांची रांग लागते आणि मागच्यांना नुसतं शेपूट दिसतं.

साबी सँड त्यामानाने छोटं, साधारण ६५० चौरस किलोमीटर. इथे उघडी जीप, चालवणारा रेंजर आणि पुढे बॉनेटवरच्या खुर्चीत बसलेला ट्रॅकर. हा माणूस वाळूतला ठसा बघून सांगतो की बिबट्या केव्हा आणि कुठल्या दिशेला गेला. मग जीप रस्ता सोडून झुडपांत शिरते. एका प्राण्याजवळ किती गाड्या थांबायच्या हे रेडिओवरून ठरतं. बिबट्या निवांत बघायचा असेल तर याला तोड नाही. दर मात्र माणशी, रात्रीचा असतो आणि तो क्रूगरच्या कितीतरी पट. जेवण आणि दिवसातल्या दोन फेऱ्या त्यातच येतात.

पण हे पैसे जातात कुठे, हेही बघायला हवं. क्रूगरच्या उत्पन्नातून देशातली पर्यटक फारसे न फिरकणारी इतर राष्ट्रीय उद्यानंही चालतात. खासगी जंगलाला स्वतःचे रक्षक, रस्ते, गेंड्यांची राखण असं सगळं स्वतःच भागवावं लागतं. २०१४ मध्ये या देशात १,२१५ गेंडे शिकाऱ्यांनी मारले. आज उरलेल्या गेंड्यांपैकी निम्म्याहून अधिक खासगी जमिनींवर आहेत. २०२० मध्ये पाहुणे थांबले, राखण थांबवता येत नव्हती. म्हणून लॉजचं भारी बिल मला निव्वळ चैन वाटत नाही. मात्र टिंबावतीसारख्या काही खासगी जंगलांत मर्यादित शिकारीतूनही पैसा उभा केला जातो. ते पटत नसेल तर बुकिंगआधी स्पष्ट विचारा. जमीन कोणाची हेही विचारा. मालामाला या खासगी जंगलाची जमीन २०१३ मध्ये मूळ स्थानिक समाजाला परत मिळाली आणि पर्यटन तिथे सुरूच राहिलं. मला असं ठिकाण आधी निवडावंसं वाटतं.

तिसरा पर्याय क्रूगरपासून दूर, पूर्ण कुंपण घातलेल्या जंगलांचा. क्वाझुलु-नातालमधलं फिंडा १९९१ मध्ये गुरांच्या आणि अननसाच्या शेतजमिनींवर उभं राहिलं. सिंह आणि चित्ते बाहेरून आणून सोडले. असं काम मोलाचं आहे, पण कुंपणातल्या सिंहांचं रक्त एकाच घराण्यात फिरू नये म्हणून नर अदलाबदल करावे लागतात, संख्या माणसालाच सांभाळावी लागते. आणि जिथे सिंहाचे बछडे मांडीवर घेऊ देतात तिथे पाऊलही टाकू नका. पिंजऱ्यातल्या सिंहपैदाशीचा हा धंदा बंद करण्याचा निर्णय सरकारने २०२१ मध्ये जाहीर केला.

क्रूगर आणि साबी सँड दोन्हीकडे मलेरियाचा धोका आहे, त्यामुळे निघण्याआधी डॉक्टरांना भेटा. मे ते सप्टेंबर कोरडा हंगाम: गवत आखूड, प्राणी पाण्यावर येतात. सहा रात्री असतील तर चार क्रूगरला आणि शेवटच्या दोन साबी सँडला द्या. क्रम उलटा नको. चार दिवस स्वतः शोधून डोळे थकलेले असले की ट्रॅकरने जीप थांबवून दाखवलेला ठसा वेगळाच दिसतो.