बिघडलेल्या हार्ड डिस्कवरची ध्वनिमुद्रणे परत मिळवताना: डीडीरेस्क्यू, टेस्टडिस्क आणि फोटोरेक

मुलाखती आणि संगीताच्या तालमींची ध्वनिमुद्रणे असलेली एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क बिघडल्यापासून गेले काही महिने मी डीडीरेस्क्यू, टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही तीन मोफत, मुक्त-स्रोत साधने वापरत आहे. यांपैकी ज्याची चर्चा सर्वांत कमी होते, ते डीडीरेस्क्यूच मला सर्वांत मोलाचे वाटते.

याचे कारण असे की, बहुतेक रिकव्हरी सॉफ्टवेअर थेट मूळ डिस्कवर चालवले जाते आणि खराब सेक्टरशी (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा साठवणीचा लहानसा तुकडा) झगडण्यातच आधीच थकलेल्या डिस्कचा उरलासुरला जीव जातो. डीडीरेस्क्यू डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे प्रतिमा (इमेज), उतरवून घेते. त्यासाठी ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, अडणारा भाग मागे ठेवते आणि शेवटी त्याकडे लहान लहान तुकड्यांत परत वळते. काय वाचून झाले आणि काय राहिले याची नोंद मॅपफाइलमध्ये होत असल्यामुळे डिस्क मध्येच तुटली तरी काम पुढे सुरू करता येते. मात्र डिस्क अर्धीच भरलेली असली तरी प्रतिमेसाठी तिच्या पूर्ण क्षमतेएवढी मोकळी जागा लागते. पुढचे सगळे प्रयोग या प्रतिमेवरच करावेत. विंडोजचे चेकडिस्क तर मूळ डिस्कवर मुळीच चालवू नये, कारण फाइल सिस्टीम, म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याची व्यवस्था, सुसंगत करणे एवढेच त्याचे काम असते आणि त्यासाठी ते डिस्कवर लिहिते. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर वीज बंद करून ती डेटा परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेकडे देणे हाच मार्ग उरतो. तिथे या तिन्हींचा उपयोग नाही.

टेस्टडिस्कबद्दल थोडक्यात सांगता येईल. पार्टिशन टेबल (डिस्कच्या विभागांची यादी) किंवा बूट सेक्टर (विभागाच्या सुरुवातीची मूलभूत माहिती) एवढेच बिघडले असेल, तर ते फार लवकर काम करते आणि फाइली नावांसह, फोल्डरांसह परत मिळू शकतात. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टीममध्ये बूट सेक्टरची प्रत पार्टिशनच्या शेवटी असते, तिचा इथे उपयोग होतो. माझी डिस्क एक्सफॅट या दुसऱ्या फाइल सिस्टीमची होती. त्या पद्धतीत जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही, नसते, त्यामुळे लिहिणे चालू असताना केबल निघाली तर नुकसान खोलवर जाऊ शकते. माझ्या बाबतीत पार्टिशन सापडले, पण बरेच फोल्डर वाचता आले नाहीत.

म्हणून फोटोरेककडे वळावे लागले. नावात फोटो असला तरी ते ध्वनीच्या फाइलीही शोधते. फाइल सिस्टीमकडे न पाहता ते प्रत्येक फाइलप्रकाराची सुरुवातीची खूण शोधते. वेव्ह फाइलची सुरुवात रिफ या चार अक्षरांनी होते आणि लगेच तिची लांबी लिहिलेली असते. हवे तेवढेच फाइलप्रकार निवडल्यास पसारा पुष्कळ कमी होतो. तरीही मूळ नावे जातात आणि हाती येतात ती सेक्टरच्या क्रमांकावरून नावे पडलेल्या फाइलींनी भरलेली फोल्डरे. माझा सर्वाधिक वेळ इथेच गेला. यातून वाट काढली ती ब्रॉडकास्ट वेव्ह या स्वरूपाने. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने १९९७ मध्ये आणलेल्या या स्वरूपात मुद्रणाची तारीख, वेळ आणि वर्णन फाइलच्या आतच, बेक्स्ट नावाच्या भागात साठवता येते, आणि अनेक व्यावसायिक रेकॉर्डर ही माहिती आपोआप लिहितात. बीडब्ल्यूएफ मेटाएडिट या मोफत साधनाने ती वाचून मला बहुतेक मुलाखतींची ओळख पटवता आली.

हेडर, म्हणजे सुरुवातीचा माहितीचा भाग, नष्ट झालेली वेव्ह फाइलही टाकून देऊ नये. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये ती कच्चा डेटा म्हणून उघडता येते, फक्त सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने), बिट असे आकडे बरोबर द्यावे लागतात. ४८ किलोहर्ट्झचे मुद्रण ४४.१ म्हणून उघडले, तर आवाज संथ आणि जाड येतो. १६ बिटच्या मुद्रणाची सुरुवात एका बाइटने चुकली, तर नुसता खरखराट ऐकू येतो. तेव्हा सुरुवात एका बाइटने पुढे सरकवून पाहावी. एमपी३ची प्रत्येक फ्रेम, म्हणजे आवाजाचा लहान तुकडा, सुमारे २६ मिलिसेकंदांची असते आणि तिला स्वतःचे हेडर असते, म्हणून मधला तुकडा गेला तरी पुढचे ऐकता येते. एम४एचे मात्र तसे नाही: तिची अनुक्रमणिका, म्हणजे मूव्ह हा भाग, पुष्कळदा शेवटी लिहिला जातो आणि तो नसेल तर फाइल वाजतच नाही.

एका गोष्टीकडे फार कमी लोक लक्ष देतात, आणि मुलाखती जपणाऱ्यांसाठी ती मला सर्वांत गंभीर वाटते. जे सेक्टर वाचताच आले नाहीत, तिथे नव्या प्रतिमेत शून्ये राहतात आणि वेव्हमध्ये शून्ये म्हणजे शांतता. बोलणारी व्यक्ती खरोखरच थांबली होती की तेवढा भाग हरवला आहे, हे केवळ ऐकून ठरवता येत नाही. डीडीरेस्क्यूच्या फिल मोडने प्रतिमेच्या दुसऱ्या प्रतीत या रिकाम्या जागा ठरावीक मजकुराने भरता येतात. मग त्या प्रतीतून काढलेल्या फाइलींमध्ये तो मजकूर शोधला की कोणत्या फाइलीला कुठे धक्का लागला आहे ते कळते. मी अशा प्रत्येक फाइलीच्या वर्णनात तुटलेल्या जागेची वेळ लिहून ठेवतो.