काळ्या जमिनीवर पाया घेताना: खानदेशात कोणती पाईल निवडावी?

खानदेशातली जुनी गावे पांढरीत वसली आणि काळी शेतीसाठी राहिली. गेल्या काही दशकांत मात्र जळगाव, भुसावळ, अमळनेर, शिरपूर यांच्या कडेचे बिगरशेती भूखंड थेट काळीत उतरले आहेत, आणि रावेर-यावल पट्ट्यात केळी पिकवण्याची केंद्रे, शीतगृहे आणि गोदामेही त्याच जमिनीवर उभी राहत आहेत. अशा ठिकाणी अभियंता ‘पाईल (जमिनीत खोल जाणारा काँक्रीटचा खांब) घ्यावी लागेल’ असे सांगतो, तेव्हा घरमालकापुढे साधारणपणे तीन पर्याय असतात: अंडर-रीम्ड पाईल, बोअर करून जागेवरच काँक्रीट ओतलेली पाईल आणि बाहेर तयार करून जमिनीत ठोकलेली पाईल. माझे मत आधीच सांगतो. भार पेलण्याचा हिशेब दोन पद्धतींत सारखाच बसत असेल, तर ज्या पद्धतीतली चूक काँक्रीट पडण्याआधी आपल्या माणसांना आपल्या जागेवर दिसू शकते, ती पद्धत घ्यावी.

त्याही आधी जमीन पाहावी लागते, कारण खानदेश एकसारखा नाही. तापीच्या उत्तरेला यावल, रावेर, चोपडा या बाजूला गाळाचा थर इतका खोल आहे की पाईल खडकावर टेकवण्याचा विचारच करता येत नाही. सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी त्याच गाळात गोटे आणि मोठे दगड मिसळलेले असतात. दक्षिणेला पारोळा, चाळीसगाव, धुळे या भागांत नदीकाठ सोडला, तर काळ्या मातीखाली मुरूम आणि मग काळा पाषाण पुष्कळदा थोड्याच खोलीवर लागतो. दीड-दोन मीटरवर पक्का मुरूम लागत असेल, तर पाईलचा खर्च करू नये. काळी माती काढून पाया मुरुमावर न्यावा आणि जोत्यात मुरूम थराथराने पाणी मारून, धुमसून भरावा.

काळी माती पाणी मुरले की फुगते. हा फुगवटा मोजण्याची एक चाचणी मालकाने स्वतः उभे राहून पाहावी, इतकी ती बोलकी आहे. वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली १० ग्रॅम माती १०० मिलिलिटरच्या एका नळीत आणि तेवढीच दुसऱ्या नळीत घालतात; एकीत ऊर्ध्वपातित पाणी आणि दुसरीत रॉकेल भरतात. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही. चोवीस तासांनी पाण्यातल्या मातीची पातळी रॉकेलमधल्या मातीपेक्षा किती टक्के वर गेली ते वाचतात. हा आकडा ५० च्या आत असेल तर फुगवटा कमी धरतात, १०० च्या पुढे गेला तर जास्त. आणि एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते: या मातीचा त्रास हलक्या बांधकामाला अधिक होतो, कारण एकमजली घराचे वजन मातीच्या फुगण्याच्या दाबाला पुरेसे पडत नाही.

अंडर-रीम्ड पाईल याच दुखण्यासाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केली. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसाळ्यात फुगणारी माती वरच्या थरात हलते. सुमारे साडेतीन मीटरखाली ही हालचाल नगण्य होते. म्हणून भारतीय मानक २९११ च्या भाग ३ मध्ये फुगणाऱ्या जमिनीत पाईलची लांबी किमान ३.५ मीटर ठेवायला सांगितले आहे. खाली बोअर रुंद करून बल्ब तयार करतात आणि त्याचा व्यास बहुधा पाईलच्या दांड्याच्या अडीचपट असतो, म्हणजे ३०० मिलिमीटरच्या दांड्याला ७५० मिलिमीटरचा बल्ब. त्यामुळे टेकणाऱ्या तळाचे क्षेत्रफळ सव्वासहा पट होते, आणि माती फुगून दांडा वर ओढू लागली की तोच बल्ब जहाजाच्या नांगरासारखा धरून ठेवतो. त्याच मानकातील तक्त्यांत दुसऱ्या बल्बामुळे सुरक्षित भार सुमारे दीडपट धरलेला आहे.

हे काम चार माणसे हाताने करू शकतात. ऑगरने (माती खणून काढणाऱ्या गिरमिटाने) बोअर झाला की अंडर-रीमर हे बल्ब कापण्याचे अवजार आत सोडतात; त्याचा दांडा दाबत फिरवला की दोन पाती हळूहळू उघडतात, बाजूची माती कापतात आणि ती खालच्या बादलीत पडते. दांडा ठरलेल्या खुणेपर्यंत खाली आला आणि फिरवूनही नवी माती निघेनाशी झाली, की बल्ब पूर्ण झाला असे समजतात. ही खूण मालकालाही दिसते, म्हणून ही पद्धत मला साध्या घरासाठी सर्वांत जवळची वाटते. तिची मर्यादाही तेवढीच स्पष्ट आहे: बल्बाच्या खोलीवर सैल वाळू असेल किंवा पाणी येत असेल, तर तो ढासळतो आणि वरून काहीच कळत नाही.

जळगावच्या कडेच्या एका वसाहतीत मी पाहिलेल्या घराच्या पाईल चांगल्या होत्या, पण त्यांच्यावरचा बीम थेट काळ्या मातीवर ओतला होता. दुसऱ्या पावसाळ्यात मातीने तो बीम खालून उचलला आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा गेल्या. मानकात बीमखाली किमान ८० मिलिमीटर पोकळी सोडायला सांगितले आहे ते याचसाठी. सेंट्रिंगवाल्याला ती पोकळी निरर्थक वाटते आणि तो ती मुरुमाने भरून टाकतो. ती शेवटपर्यंत मोकळी राहते की नाही, हे मालकाने स्वतः पाहावे.

बोअर करून ओतलेल्या पाईलचे क्षेत्र वेगळे आहे. तीन-चार मजल्यांच्या पुढची इमारत, मोठे शीतगृह, पाण्याची उंच टाकी किंवा तापी-गिरणेच्या काठची पाणथळ, वाळूमिश्रित जमीन असेल तर हीच घ्यावी लागते. बोअरची भिंत केसिंगने (लोखंडी नळीने) किंवा बेंटोनाइट या चिकणमातीच्या घोळाने उभी ठेवतात आणि काँक्रीट ट्रेमी पाइपमधून, म्हणजे तळापर्यंत सोडलेल्या नळीतून, तळापासून वर भरत आणतात. इथली चूक मात्र पाण्याखाली होते. तळातला गाळ नीट न काढता काँक्रीट पडले, तर पाईल मऊ गादीवर टेकते. ट्रेमीचे तोंड काँक्रीटमधून वर निसटले, तर मधे मातीचा थर राहतो. शिवाय काम थांबवता येत नाही. ६०० मिलिमीटर व्यासाच्या १२ मीटर पाईलला सुमारे ३.४ घनमीटर काँक्रीट लागते, आणि घनमीटरला किमान ४०० किलो सिमेंट धरले तर ती सत्तावीस पोती होतात. एवढा माल सलग देण्याची सोय नसलेल्या ठेकेदाराला, तो कितीही स्वस्त असला तरी, हे काम देऊ नये.

ठोकलेल्या तयार पाईलचा मोठा गुण म्हणजे ती जमिनीत जाण्याआधी पूर्ण दिसते, आणि सैल वाळू ठोकताना घट्टही होते. तरीही साध्या घरासाठी मी ती सुचवत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी दगड लागून ती फुटते किंवा वाकडी जाते, दाट वस्तीत हादऱ्यांनी शेजारच्या मातीच्या भिंतींना धोका असतो, आणि थोड्या पाईलसाठी जड यंत्र आणणे परवडत नाही.

दरपत्रके रनिंग मीटरच्या दराने येतात, आणि तिथेच फसगत होते. सोळा मीटरची एक मोठी पाईल आणि चार मीटरच्या तीन अंडर-रीम्ड पाईल यांचा मीटरचा दर शेजारी ठेवून काहीच कळत नाही. एकूण खर्च भागिले पाईलनी पेललेला एकूण सुरक्षित भार, असा टनामागचा दर काढावा आणि त्यात सळई, रिग (बोअर करण्याचे यंत्र) आणण्या-नेण्याचे भाडे, वाया जाणारे काँक्रीट, पाईल-कॅप (पाईलच्या माथ्यावरचा काँक्रीटचा ठोकळा) आणि चाचणी धरली आहे का हे लेखी विचारावे. चाचणीचा खर्च वाचवू नये: पाया उभारण्याआधीच्या प्रारंभिक चाचणीत एका पाईलवर आराखड्यातील भाराच्या अडीचपट, तर प्रत्यक्ष कामातल्या पाईलवर दीडपट भार देऊन ती किती खचते ते पाहतात. अंडर-रीम्डचे काम होळीनंतर, भूजल खाली गेलेले असताना घ्यावे. बोअरमध्ये पाणी दिसले, तर त्याच दिवशी काम थांबवून अभियंत्याला बोलवावे आणि बल्बाची खोली किंवा पद्धतच बदलायची का, ते काँक्रीटच्या आधी ठरवावे.