सेकंडहँड एअर रायफल : स्प्रिंगची की पीसीपी, आणि आतली झीज कशी ओळखायची

मूल दहा मीटर एअर रायफल शिकायला लागलं की सहा-आठ महिन्यांत घरात विषय निघतो, क्लबची रायफल अजून किती दिवस वापरायची? नवी परदेशी मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेसाठी बनवलेली, 2 लाखांच्या पुढे जाते, त्यामुळे बहुतेक जण आधी सेकंडहँड शोधतात. नाशिकला नेमबाजी नवीन नाही. क्रीडा मानसशास्त्रज्ञ भीष्मराज बामसरांनी इथे राहून कितीतरी नेमबाज मनाने तयार केले. स्वप्नील कुसळे यांची सुरुवातीची वर्षं इथल्या क्रीडा प्रबोधिनीत गेली आणि 2024 ला त्यांनी पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं. त्यामुळे वापरलेल्या रायफली इथे हातोहात फिरतात. विकणारा प्रत्येक जण म्हणतो, "एकदम मेंटेन आहे." घेणारा मात्र बाहेरचं पॉलिश आणि लाकडावरचे ओरखडे बघून ठरवतो, आणि खरी गोष्ट आत राहते.

समोर साधारण दोनच पर्याय येतात. एक, नळी सांध्यात खाली वाकवून कॉक करायची (म्हणजे स्प्रिंग ताणून शॉटसाठी तयार करायची) स्प्रिंगची रायफल, बहुतेक वेळा देशी बनावटीची आणि खिशाला परवडणारी. दुसरा, सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरायची पीसीपी मॅच रायफल, म्हणजे फाइनवर्कबाऊ, वाल्थर, अ‍ॅन्शुट्झ किंवा स्टायर, किंवा अलीकडची एखादी भारतीय. दोन्ही 4.5 मिलिमीटरच्या आणि दोन्ही शिशाचा पेलेट मारतात. आतली झीज मात्र दोघींत पूर्ण वेगळी दिसते, त्यामुळे एकीचा नियम दुसरीला लावला की फसायला होतं.

घासल्याची चमक आणि खरी झीज

धातूवर धातू सरकतो तिथे चमक येणारच. पीसीपीच्या हॅमरवर, म्हणजे व्हॉल्व्हवर आपटून हवा सोडणाऱ्या भागावर, एक उजळ पट्टा पडतो. स्प्रिंग रायफलच्या कॉकिंग लिव्हरवर लांब ओरखडा दिसतो. बोल्टच्या बाजूचा काळा रंग उडून पांढरं स्टील दिसू लागतं. ह्यातलं काहीही बघून घाबरायचं कारण नाही. भाग एकमेकांत बसले आहेत एवढंच ते सांगतं. अंगठ्याचं नख त्या चमकेवरून फिरवा. नख कुठेच अडकलं नाही तर तो नुसता घासलेला रंग आहे. नख एखाद्या कडेला अडकलं, खाच लागली, किंवा धारदार असायला हवी ती कड गोल झालेली दिसली, तर तिथे खरी झीज आहे. ही गोल झालेली कड सर्वांत महाग पडते ती सिअरवर, म्हणजे चाप दाबेपर्यंत पिस्टन किंवा हॅमर अडवून धरणाऱ्या भागावर.

स्क्रूची डोकी तर मी सगळ्यात आधी बघतो. खाचा चिरडलेल्या असतील, अ‍ॅलन कीचं भोक गोल झालं असेल, तर रायफल कोणीतरी चुकीच्या हत्याराने उघडली आहे. आतल्या भागांवरच्या चमकेपेक्षा ही खूण जास्त बोलकी. अशी रायफल समोर आली की बाकी सगळं दुप्पट लक्ष देऊन तपासा.

नळीबद्दल उगाच भीती असते. "एक लाख शॉट झालेत, नळी गेली असेल" हे मी बऱ्याचदा ऐकतो. शिसं मऊ, नळी स्टीलची. रोज शंभर शॉट आणि वर्षाला अडीचशे दिवस सराव धरला तरी 25 हजार पेलेट होतात, आणि एवढ्यावर चांगली नळी झिजत नाही. नळीचं नुकसान करते लोखंडी सळई घालून केलेली सफाई, किंवा तोंडाच्या कडेला लागलेला मार. टॉर्च लावून तोंडाची कड बघा. कड सगळीकडे सारखी आहे, कुठे टवका नाही, एवढं पुरे. आमच्याकडे भर पावसाळ्यात कव्हरमध्ये बंद करून ठेवलेल्या रायफलीच्या नळीत गंजाचे ठिपके मात्र नक्की शोधा, विशेषतः ती इगतपुरी-घोटीकडून आली असेल तर.

स्प्रिंगची रायफल

हिची तपासणी हाताने आणि कानाने होते, उघडण्याची गरज पडत नाही. घरी उघडूच नका. आत मेनस्प्रिंग दाबून बसवलेली असते, आणि स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर न लावता मागची पिन काढली तर मागचा भाग सुटून तोंडावर येतो.

कॉक करताना ताण एकसारखा वाढत गेला पाहिजे. मध्येच करकर लागत असेल, खडखड जाणवत असेल किंवा एकदम सैल पडल्यासारखं वाटत असेल, तर स्प्रिंग वाकडी झाली आहे किंवा तुटली आहे. नवी स्प्रिंग पहिल्या काही शॉटमध्ये थोडी बसते, तिची लांबी जराशी कमी होते. त्याला झीज म्हणायचं नाही. कॉक केल्यावर नळी हातातून सोडू नका, आणि पेलेट भरताना बोटं ब्रीचमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाशी, ठेवू नका. सिअर झिजलेला असला तर नळी आपोआप झटक्यात वर येते आणि बोट कापलं जातं. रायफल मुलांच्या हातात द्यायची आहे, म्हणून ही एक गोष्ट मी कधीच सोडत नाही. नळी घट्ट धरून, चापाला स्पर्श न करता, कॉक केलेली रायफल थोडी हलवून बघावी. सिअर जराही सरकल्यासारखा वाटला तर तिथेच व्यवहार थांबवा.

पुढची जागा ब्रीच सीलची. नळी बंद होते तिथली ती छोटी रिंग काठापेक्षा किंचित वर असायला हवी. बसलेली, चपटी झालेली किंवा एका बाजूने कुरतडलेली असेल तर हवा तिथून गळते. टिश्यू पेपरची बारीक पट्टी सांध्याजवळ धरून, पेलेट भरून, सुरक्षित दिशेने एक शॉट मारा. पट्टी उडाली तर रिंग गेली. ही रिंग अगदी स्वस्तात मिळते, तेव्हा ती गेली म्हणून रायफल नाकारू नका.

पिस्टन सील जुन्या देशी रायफलीत चामड्याचं असतं. ते कोरडं पडतं, थोडं तेल दिलं की परत फुगतं. अडचण होते ती उत्साहाने जास्त तेल घालणाऱ्यांमुळे. दाबाखाली तेल पेटतं, शॉटचा आवाज फटाक्यासारखा येतो आणि नळीतून धूर निघतो. विकणारा म्हणेल, "बघा किती पॉवर आहे!" ती पॉवर तेलाची आहे, आणि प्रत्येक शॉटला सील जळत आहे. दोन-चार शॉटनंतर धूर थांबला तर ठीक. दहा-बारा शॉटनंतरही जळका वास येत असेल तर आतलं सील बदलायचं धरूनच किंमत बोला. पेलेट न भरता चाप ओढण्याची सवय असलेल्या घरातली रायफल असेल तरी तेच. समोर हवेची गादी नसते, पिस्टन थेट धडकतो आणि सीलचा चुरा होतो.

नळीच्या सांध्याचा खिळा सैल झाला की नळी आडवी हलते. बंद करून बाजूला हलवून बघा. जराही खेळ असेल तर ग्रुप, म्हणजे शॉटचा एका जागी पडणारा पुंजका, कधीच बसणार नाही, कारण नळी दर वेळी नव्या जागी बंद होते. बहुतेक रायफलीत हा खिळा आवळता येतो. आवळूनही हलत असेल तर सोडा.

पीसीपी

ही रायफल शांत असते, म्हणून तिचे दोषही शांतपणे लपतात. खरा वेळ इथे द्या.

पहिल्यांदा सिलिंडरवरची तारीख बघा. मॅच रायफलीच्या सिलिंडरला बनवल्यापासून जास्तीत जास्त 10 वर्षांची मुदत असते. स्पर्धेत मुदत संपलेला सिलिंडर चालत नाही, आणि ती जबाबदारी खेळाडूचीच. सिलिंडर बाहेरून नवाकोरा दिसला तरी तारीख गेली की तो गेला. इथे झीज नजरेने ठरत नाही, कॅलेंडरवर ठरते.

दुसरी गोष्ट गळती. दाब 200 बारपर्यंत भरा, रात्रभर ठेवा, सकाळी गेज बघा. इथे नाशिकची थंडी लक्षात घ्या. बंद सिलिंडरमधल्या हवेचा दाब तापमानाबरोबर खालीवर होतो. डिसेंबर-जानेवारीत दुपारी 28 अंशाला भरलेला 200 बारचा सिलिंडर पहाटे 10 अंशाला 188 बारच्या आसपास दिसतो, आणि हवा कणभरही गळालेली नसते. निफाडकडे पारा आणखी खाली जातो, तिथे काटा आणखी उतरेल. बऱ्याच चांगल्या रायफली ह्याच एका कारणाने "लीक आहे" म्हणून परत गेल्या आहेत. त्यामुळे आज संध्याकाळी सहाला बघितलं तर उद्या संध्याकाळी सहालाच बघा.

तरीही काटा उतरलेला दिसला तर सिलिंडर रायफलीपासून सोडवून वेगळा ठेवा. गेज सिलिंडरवरच असेल तर लगेच उलगडा होतो. सुटा सिलिंडरही उतरत असेल तर दोष त्याच्या स्वतःच्या व्हॉल्व्हचा. सुटा टिकतो आणि जोडल्यावरच उतरतो, तर गळती रायफलीत आहे. मग नळीच्या तोंडावर आणि सांध्यांवर साबणाच्या पाण्याचा एकेक थेंब ठेवा, अर्थात रायफल रिकामी असल्याची खात्री करून आणि तोंड सुरक्षित दिशेला ठेवून. थेंबात फुगा आला तर मुख्य व्हॉल्व्हची बैठक गळते. फुगा सांध्यावर आला तर नुसती ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी रिंग.

आणि ओ-रिंग हा झिजण्यासाठीच बनवलेला भाग. ती शॉटने जेवढी झिजते, त्यापेक्षा वयाने जास्त कडक होते. म्हणून "चार वर्षं कपाटातच होती, फक्त पाचशे शॉट मारलेत" ही जाहिरात ऐकून मी खूश होत नाही. रोज वापरात असलेली, वेळच्या वेळी सर्व्हिस झालेली रायफल मला जास्त भरवशाची वाटते. बंद घरातल्या नळाचा वॉशर जसा पहिल्याच दिवशी ठिबकतो, तसं कपाटातल्या रायफलीचं होतं. सगळ्या ओ-रिंग बदलायचा खर्च धरा आणि घ्या, पण "न वापरलेली" म्हणून जास्त पैसे देऊ नका.

तिसरी गोष्ट रेग्युलेटर. सिलिंडरमधला मोठा दाब कमी करून दर शॉटला सारखा देणं हे त्याचं काम. तो झिजला की दिसत काहीच नाही, ग्रुप मात्र उभा पसरतो. क्रोनोग्राफ, म्हणजे पेलेटचा वेग मोजणारं यंत्र, असलेला एखादा मित्र गाठा. मॅच रायफलीचा वेग साधारण 170 ते 175 मीटर प्रति सेकंद असतो. दहा शॉट मारा. सगळ्यांत वेगवान आणि सगळ्यांत मंद शॉटमध्ये चार-पाच मीटरपर्यंतचा फरक मी चालवून घेतो. मग रायफल दहा मिनिटं तशीच ठेवा आणि एक शॉट मारा. हा पहिला शॉट बाकीच्यांपेक्षा ठळकपणे वेगवान आला तर रेग्युलेटर हळूहळू दाब पुढे सोडतोय. दहा मीटर प्रति सेकंदाच्या फरकाने 10 मीटरवर पेलेट दोन मिलिमीटरच्या आसपास वर-खाली जातो, आणि टार्गेटवर दोन रिंगांमधलं अंतर अडीच मिलिमीटर आहे. म्हणजे पोरगं बरोबर होल्ड करत असताना जवळपास एक पॉइंट मशीनने खाल्ला. वर त्याला वाटत राहतं की चूक आपलीच.

ट्रिगरबद्दल एकच सांगतो. दुसऱ्या टप्प्यावर, म्हणजे पहिली हलकी ओढ संपून चाप अडतो तिथून, चाप दर वेळी त्याच जागी, तेवढ्याच जोराने सुटला पाहिजे. वीस वेळा ड्राय फायरच्या सोयीवर, म्हणजे हवा न सोडता फक्त चाप ओढता येतो त्या सोयीवर, ओढा. मध्येच ओढल्यासारखा, घसरल्यासारखा वाटला तर आधी ट्रिगर साफ आणि सेट करून घ्या, आणि परत तपासा. सेटिंग करूनही तसंच राहिलं, तर सिअरची कड गेली.

दुरुस्ती कुठे, किती

सातपूर-अंबडला लेथवर काहीही करून मिळतं, आणि आपल्या माणसांचा हात खरंच चांगला आहे. स्प्रिंग रायफलीचा स्प्रिंग गाइड किंवा सांध्याचा खिळा तिथे बिनधास्त करून घ्या. पीसीपीचा व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा सिलिंडरचा कुठलाही भाग तिथे करून घेऊ नका. 200 बारची हवा धातूतली चूक माफ करत नाही. दाबाच्या हवेत साधं तेल किंवा ग्रीसही लावायचं नाही, कारण ते पेट घेतं. सिलिकॉन ग्रीसच वापरा. हातपंपाने भरत असाल तर पंपाला ओलावा टिपणारा फिल्टर हवाच, नाहीतर पावसाळ्यातली दमट हवा सिलिंडरच्या आत जाऊन बसते.

मग कुठली घ्यायची?

मूल अजून स्टान्स आणि श्वास शिकतंय, घरच्या गच्चीवर भिंतीसमोर सराव करायचाय, स्पर्धेचं अजून ठरलेलं नाही, तर नीट तपासलेली स्प्रिंग रायफल घ्या. तिचा दोष समजतो, स्वस्तात निघतो आणि हवा भरायची कटकट नाही. तिचा झटका मात्र मागे-पुढे दोन्हीकडे असतो, त्यामुळे तिच्यावर जमलेला होल्ड पीसीपीवर जसाच्या तसा चालत नाही. वर्षभरात जिल्हा किंवा राज्य स्पर्धेला उतरायचं असेल तर हा टप्पा मध्ये घालूच नका, सरळ पीसीपी घ्या.

पीसीपीत दोन रायफली समोर आल्या, एक दिसायला घासलेली पण सिलिंडरची सहा वर्षं बाकी आणि वेग एकसारखा, दुसरी झगमगीत पण सिलिंडर संपत आलेला, तर मी डोळे मिटून पहिली घेईन. दुसरीच हवी असेल तर नव्या सिलिंडरची आणि रेग्युलेटर सर्व्हिसची किंमत आधी विचारून घ्या, ती सांगितलेल्या भावातून वजा करा आणि मगच बोलणी सुरू करा. परदेशी रायफल असेल तर मूळ बिल आणि आयातीचे कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, देणारा ओळखीतला असला तरी.